आख्यान कुठलं लावायचं?

पेडणे,
त्रिपुरारी पौर्णिमेनंतरचा रविवार

चि. बाय,

तुझं पत्र पोचलं. दर शनिवारी डिचोलीला तुझ्या घरी पाच जण जमणार: शाळेतल्या दोघी, जाऊ, दीर आणि शेजारचा बारावीतला मुलगा. पाचांपैकी कुणी वीस पैलूंचा फासा कधी पाहिलेला नाही आणि खेळवणारी तू, तीही पहिल्यांदाच. तुझा प्रश्न एवढाच की पात्रं होऊन खेळायच्या या खेळाच्या छापील मोहिमांपैकी, म्हणजे तयार कथानकांपैकी, कुठली घेऊ. तुझ्या मामाला असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे पत्र लांबणार आहे.

आधी माझी फजिती ऐक. पुण्याहून नोकरी सोडून आल्यावर मी इथल्या चार मित्रांना जमवलं आणि अडीचशे पानांचं, जगभर वाखाणलेलं एक पुस्तक खेळवायला घेतलं. पहिल्या रात्री तासभर मीच बोलत होतो. राज्याचा इतिहास, सरदारांची घराणी, कुठला शाप कुणी दिला. मित्र बिचारे भजी खात ऐकत होते. तिसऱ्या बैठकीला दोघेच आले, त्यातला एक भज्यांसाठी. पुस्तकात खोट नव्हती. मी पहिल्याच रात्री अख्खं महाभारत लावायला निघालो होतो.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण मी कालोत, म्हणजे देवळातल्या दशावतारी नाटकात, वाढलेला माणूस. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. आमच्या गावच्या दशावतारात मी दोन हिवाळे ऋद्धी झालो. गणपतीच्या बाजूला उभं राहायचं, बोलायचं काही नाही. तिसऱ्या वर्षी मला दूत केलं. संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत पेटारे उघडले, झाकणाच्या आतल्या आरशात बघत जो तो तोंडाला रंग लावत होता, आणि नाटक मंडळीच्या मालकाने बसल्या जागी आख्यान सांगितलं: तू राजा, तू राणी, तू राक्षस, युद्ध पहाटेला. झालं. लिहिलेलं काही नाही, पाठ करायचं काही नाही. गावच्या जत्रेत संगीत नाटक असतं तेव्हा विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टर बसतो. इथे विंगच नाही. एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ.

मी धावत गेलो, राजापुढे वाकलो आणि वाचा गेली. समोर पेट्रोमॅक्सचा उजेड, त्यामागे अंधारात सगळं गाव. पायपेटीवाल्याने दोनदा सूर भरला. राजा म्हणजे आमचा म्हातारा न्हावी. तो बाकड्यावरून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘बोलू नकोस दूता, तुझ्या थरथरण्यातच आम्हाला वार्ता कळली. शत्रू वेशीवर आला ना?’ मी मान हलवली. गावाला वाटलं, पोराने काय अभिनय केला!

बाय, मोहीम निवडताना हा दूत डोळ्यांपुढे ठेव. तुझे पाचही जण पहिल्या अर्ध्या तासात दूतच असणार. तेव्हा पुस्तक हातात घेतलंस की पहिलं हे बघ: खेळाडू नुसता उभा राहिला तरी त्याच्यापुढे काही येऊन ठाकतं का? आणि पुस्तक तुला संहिता देतं की आख्यान? काही पुस्तकांत चौकटीतले लांबलचक उतारे असतात, तू ते वाचून दाखवायचे आणि खेळाडूंनी ठरलेल्या दारातूनच पुढे जायचं. ती प्रॉम्प्टरची पुस्तकं. तुझी जाऊ पहिल्या दारातच म्हणेल, ‘मी नाही जाणार आत’, आणि तुझं पान चुकेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा 2014 सालचा नवशिक्यांचा संच सगळे सुचवतात. तो आता सहज मिळत नाही, पण कुणाकडे तरी सापडतो. त्यात 64 पानांची ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही मोहीम आणि पाच तयार पात्रं आहेत. तयार पात्रं हा मोठाच उपकार. पात्र बनवण्यात पहिली संध्याकाळ घालवू नकोस. सुरुवातही झकास आहे. बैलगाडीतून सामान न्यायचंय, रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे, झाडीतून बाण. दूताला बोलावंच लागत नाही. मग खुणांमागून गुहेत जायचं. तिथे एक दुय्यम गॉब्लिन एका माणसाला ओलीस धरून सौदा करतो: आमच्या म्होरक्याला मारा, मग याला सोडतो. सगळ्या पुस्तकात मला हेच पान सर्वांत आवडतं. तलवार बाजूला राहते आणि माणसं बोलायला लागतात. मात्र तो म्होरक्या नव्या पात्राला एका फटक्यात आडवं करू शकतो, तेव्हा त्याला जरा दुबळा करून घे. आणि तेवढा पहिला भागच खेळव. पुढे एका ओसाड गावात हिरवा ड्रॅगन बसलाय. नवखे लोक त्याच्या अंगावर हमखास धावतात.

जुन्या जाणत्यांचं लाडकं पुस्तक म्हणजे गॅरी गायगॅक्सचं ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. आख्यान म्हणशील तर ते शुद्ध आख्यान आहे: एक किल्ला, बाजूला गुहा, जा. पण किल्ल्यातल्या माणसांना नावंसुद्धा दिलेली नाहीत. मुरलेल्या मालकाला तेवढं पुरे, तुला पहिल्या रात्री नाही पुरणार.

खरं सांगू? तुझ्या जागी मी असतो तर गॉब्लिनच घेतले नसते. गॉब्लिन म्हणजे काय हे सांगण्यातच तुझा पाव तास जाईल आणि दीर विचारेल, म्हणजे आपला देवचार का? त्यापेक्षा ‘कॉल ऑफ कथुलू’ या दुसऱ्या खेळातली ‘द हाँटिंग’ बघ. 1981 पासून ती नव्या लोकांना खेळवली जाते, आणि त्या खेळाच्या फुकट मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेतही आहे. 1920 च्या सुमाराचं बॉस्टन. घरमालक येतो: माझ्या घरात भाडेकरू टिकत नाहीत, काय भानगड आहे बघा. बस्स. मग वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक चाळायचे, सरकारी दप्तरं बघायची, शेजाऱ्यांना बोलतं करायचं आणि शेवटी घरात शिरायचं. वरच्या खोलीतला पलंग माणसाला खिडकीबाहेर फेकतो, तिथे सगळे किंचाळतात.

हे घर उचल आणि डिचोलीत आण. राजांगण, मागे माड, खाणीच्या लाल धुळीने माखलेले खिडक्यांचे गज. बॉस्टनच्या दप्तराऐवजी मामलेदार कचेरी आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा. घराचा जुना इतिहास कसा काढायचा हे तुझ्या जावेला कुठलाही नियम न वाचता येतं; वाटणीचा दावा नाही असं एक तरी घर तुमच्या वाड्यावर दाखव मला! ती पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, उताऱ्यावर नाव कुणाचं, मुंडकार कोण होता. तिथे फासा टाकायला लावू नकोस. विचारलं ना, मिळालं. फासा पलंगासाठी राखून ठेव.

तळघरातला शेवट मात्र कडक आहे, छापल्यासारखा खेळवलास तर पाचांतले दोन-तीन मरतील. पहिल्या रात्री एकालाच जखमी कर, बाकीच्यांना पळू दे. बारावीतला मुलगा तलवार तलवार करून फारच भुणभुणला तर दुसऱ्या शनिवारी मेलेले घोडे आहेतच.

येत्या शनिवारच्या आत एकदा इकडे ये. शुक्रवारी आमच्या देवळात कालो आहे. माटवात बसू नकोस, माझ्याबरोबर अग्रशाळेच्या ओट्यावर बस आणि आख्यान वाटतात ते ऐक. यंदा दूत माझ्या शेजाऱ्याचा नातू आहे, कालपासून जेवलेला नाही. येताना तुझा वीसचा फासा आण, माझा मांजराने कुठेतरी लोटलाय.

तुझा,
मामा