पुठ्ठ्याचा मुकुट

स्नेहसंमेलनाचा आठवडा आला की तो कपाटातून बाहेर निघतो. एरवी त्याचा मुक्काम लेझमांच्या आणि ढोलाच्या मागे. अंग मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं, वर सोनेरी कागद, कडेला जुन्या साडीची जरीची किनार, मधोमध एक लाल टिकली. हनुवटीखाली इलॅस्टिक. कानामागे स्टेपलरची एक पिन जराशी वर आलेली. ती घालणारीला टोचते. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात परीकथेतली राजकन्या येते ती याच मुकुटाखालून.

स्वभावानं तो मानी. डोक्यावर चढला की त्याचा पहिला हुकूम मानेला. "हलू नको गं, पडंल तो," बाई बजावतात आणि एरवी घटकाभर एका जागी न टिकणारी पोर ताठ उभी राहते. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कापूस वेचणारी, धाकट्या भावाला काखेत घेऊन फिरणारी ही मुलगी. आज मात्र सगळा मांडव तिच्याकडे बघतो. ती बोलायला लागली की मागची माणसं एकमेकांना गप्प करतात. बाप मागच्या रांगेत उभा राहून बघतो. आजीला तर सोनेरी कागद खरंच सोन्याचा वाटतो.

मुकुटाची भूल आहे ती इथं. राजवाडा, दासी, रेशमी वस्त्रं हे सगळं वरवरचं. आपलं कुणीतरी ऐकतंय, आपल्या हसण्यारडण्यानं साऱ्या नगरीला फरक पडतो, हे सुख मुलीला या पाच मिनिटांत मिळतं. ते तिला हवंसं वाटतं यात गैर काहीच नाही. खरं तर ते तिला रोज मिळायला हवं.

पण या मुकुटात दोन खोटी आहेत, आणि त्या पिनेपेक्षा जास्त टोचतात.

पहिली खोट ही की त्याला "नाही" म्हणणं ठाऊक नाही. राक्षसाला मारील त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या, अशी दवंडी पिटली जाते. राज्याबरोबर तीही बक्षिसाच्या यादीत. तिला कुणी विचारत नाही. खऱ्या राजकन्यांचंही बहुधा असंच ठरायचं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिराराजे हिचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलं होतं. 1911 साली तिनं स्वतः पत्र लिहून ते मोडलं. पुढं 1913 मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी तिनं लंडनमध्ये लग्न केलं; आईवडील लग्नाला आले नाहीत. एवढ्या मोठ्या घरातल्या शिकलेल्या मुलीलाही स्वतःच्या मनासारखं करण्यासाठी ही किंमत मोजावी लागली.

दुसरी खोट त्याहून खोल. मुकुटाची गोष्ट लग्नाशी संपते. वरात निघाली, पडदा पडला. पुढं काय झालं ते तो सांगत नाही. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची आठेक वर्षांची अहिल्या होळकरांच्या घरात सून म्हणून गेली, ती गोष्ट ऐकायला परीकथेसारखीच. पण 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. परीकथा अशी पुरती उद्ध्वस्त झाली, आणि त्यानंतर अहिल्याबाईंनी 1795 पर्यंत राज्य सांभाळलं. घाट बांधले, विहिरी खोदल्या, महेश्वरला हातमाग वाढवला. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळाच्या वरच्या भागाचं कामही त्यांनीच करवलं, असं सांगतात. लोक त्यांचं नाव घेतात ते या कामासाठी.

म्हणून मांडवातली टाळी वाजून गेल्यावर काळजी वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर तरुणींपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हा आकडा 48 होता. आणि 1 मे 1999 रोजी आपला हिंगोली जिल्हा त्याच परभणीतून वेगळा झालेला. कारणं सगळ्यांना माहीत आहेत: पिकाचा भरवसा नाही, मोठी शाळा दूर, पोरीची काळजी, "चांगलं स्थळ पुन्हा येतंय का" ही घाई. आईबाप दुष्ट नसतात, ते घाबरलेले असतात. पण त्या भीतीपायी नववी-दहावीतली पोर खऱ्या मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभी राहते, आणि तिलाही कुणी विचारलेलं नसतं.

मुकुट फेकून देऊ नये. पोरींना तो घालू द्यावा, दोन पिना नीट ठोकून द्याव्यात. नाटुकलं मात्र बदलावं. राजकन्येला दवंडी थांबवू द्यावी, तिला सिंहासनावर बसून न्याय करू द्यावा, आणि शेवटी लग्नच हवं असा हट्ट सोडावा. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो आणि त्या योजनेला अहिल्याबाईंचंच नाव आहे. तो पास बारावीपर्यंत लेकीच्या दप्तरात राहील एवढं घरानं बघावं. आणि गावात अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर ग्रामसेवकाला सांगा किंवा 1098 वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.