टाकी बांधली, पुढे काय?

गावात पाण्याची टाकी उभी राहिली की नारळ फुटतो, पुढारी येतात, फोटो निघतात. चार वर्षांनी त्याच टाकीखालून बायाबापड्या घागरी घेऊन विहिरीकडे जाताना दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "मोटार जळाली." मोटार जळते हे खरे. पण ती भरून आणायला गावाकडे पैसा का नसतो, हे कोणी विचारत नाही.

मी बिबवेवाडीत राहते. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात. १९७२ च्या दुष्काळात सासऱ्यांनी खडी फोडली आणि पुढे ते पुण्याला आले. इथे नळाला पाणी आले नाही तर आम्ही बाया महापालिकेच्या कार्यालयात जाऊन भांडतो. गावात भांडायचे कोणाशी? तिथे योजना गावाची आणि समितीही गावाचीच.

ही पद्धत जलस्वराज्य प्रकल्पाने २००३ पासून खेडोपाडी नेली. गावाने खर्चाचा दहावा हिस्सा भरायचा, योजना समितीने चालवायची आणि दुरुस्तीही गावानेच करायची. २०१९ च्या जलजीवन मिशननेही तीच वाट धरली. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असेल तर हिस्सा पाच टक्के. समितीत निम्म्या महिला हव्यात. कागदावर सगळे चांगले आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई गावच्या पाणी समितीत आहेत. शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशेबाला पक्क्या. त्यांनी मला सोपे करून सांगितले. समजा, गावात दीडशे नळ आहेत आणि पाणीपट्टी महिना शंभर रुपये. म्हणजे पंधरा हजार जमा. त्यातून विजेचे बिल सहा हजार, पाणी सोडणाऱ्याचा पगार पाच हजार, टीसीएल पावडर आणि किरकोळ दुरुस्ती एक हजार. उरले तीन हजार. वर्षाला छत्तीस हजार साठले तर मोटार जळाली तरी गाव अडत नाही. पण निम्म्याच लोकांनी पट्टी भरली तर जमा साडेसात हजार. वीजबिल भरले की पगारालाही पुरत नाही. पगार थकला की माणूस कामाला येत नाही, पाणी वेळेवर सुटत नाही, आणि मग भरणारेही म्हणतात, "पाणीच नाही तर पट्टी कशाची?"

मग निम्मे लोक का भरत नाहीत? सगळेच काही बुडवे नसतात. आपली वस्ती गावकुसाबाहेर, पाइपलाइनच्या अगदी शेवटी. वरच्या आळीत नळाला मोटारी लावतात, आणि आपल्याकडे येते ती करंगळीएवढी धार. महाडच्या तळ्याचेही असेच होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारोंसह तिथवर चालत जावे लागले. आज पाण्याला कोणी मनाई करत नाही. पण शेवटच्या नळाला पाणीच पोचले नाही तर ठराव घागरीत ओतता येत नाही.

जाऊबाईंनी समितीत एकच हट्ट धरला. आपल्या वस्तीला वेगळा वॉल्व हवा आणि पाणी आधी शेवटच्या टोकाला सुटले पाहिजे. "बायांना वॉल्वमधले काय कळते?" असे म्हणणारे निघालेच. पण त्या तीन बैठका हटल्या नाहीत. वॉल्व बसला, पाणी आले, आणि वस्तीतली पट्टी मागायला कोणाला दार वाजवावे लागले नाही. वही दर ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाते. ज्याची बाकी आहे तो मान खाली घालतो, मग तो कोणत्याही आळीचा असो.

शौचालयांचेही असेच आहे. पुण्यात १९९९ नंतर महापालिकेने संस्था आणि वस्तीतल्या महिलांना बरोबर घेऊन झोपडपट्ट्यांत चारशेवर शौचालये बांधली. कुटुंबामागे महिन्याला वीस रुपये जमवायचे आणि त्यातून देखभाल करणारा माणूस ठेवायचा, अशी रीत घातली. मी पाहते, जिथे वर्गणी आणि माणूस टिकला, तिथे दाराला कडी आहे आणि आत पाणी आहे. जिथे दोन्ही सुटले, तिथे पोरीबाळी अंधार पडायची वाट पाहतात.

गावात घरोघरी शौचालये झाली, पण खड्डा कसा खणला हे महत्त्वाचे आहे. दोन शोषखड्डे असले तर एक भरला की दुसरा वापरायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की मैल्याचे खत होते आणि ते निर्धोक काढता येते. एकच टाकी बांधली तर ती भरल्यावर उपसायला कोणाला बोलावतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. कायद्याने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये हे काम माणसाकडून करून घ्यायला बंदी घातली. तरी टाकीत उतरून माणसे मरतात. म्हणून खड्डा खणतानाच तो दुहेरी हवा.

भगिनींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा तीन गोष्टी जरूर विचारा. पाणी समितीच्या वहीत शिल्लक किती? शेवटच्या नळाला पाणी किती वाजता येते? आणि शौचालयाचा खड्डा एक की दोन? विचारायला पैसे लागत नाहीत. आणि पुण्याहून आलेली सून हिशेब विचारते हे कळले, तर वही आपोआप नीट लिहिली जाईल.