पाचामुखी

दोन कागद घरात आहेत. एक देव्हाऱ्याखालच्या खणात, दुसरा लेकीच्या जुन्या वहीत घडी घालून ठेवलेला. दोन्हींवर 'मा. गटशिक्षणाधिकारी साहेब यांस' आहे, दोन्हींत विषय एकच, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. आणि दोन्हींच्या तळाशी लिहिलंय, 'आम्ही सर्व पालक'. एका कागदावर सर्व पालक म्हणतात सरांना इथंच ठेवा, दुसऱ्यावर सर्व पालक म्हणतात त्यांची बदली करा. मी दोन्हीकडच्या 'सर्व'मध्ये आहे, आणि माझी सही अजून कुठंच नाही.

आत्याबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढा विचार कशाला? पाचामुखी परमेश्वर. जिकडं पाचजण, तिकडं आपण."

त्या सहज बोलून गेल्या. तेव्हापासून मी त्या म्हणीच्या मागं लागले आहे. पाचजण एकच बोलत असतील तर ठीक. पण शाळेच्या फाटकाशी सकाळी साडेदहाला मी ऐकते ते असं असतं. एक म्हणते, "सर आल्यापासून माझं पोरगं हाक न मारता उठतं." तिच्या शेजारचीच सांगते, "माझं सकाळी पोटात दुखतं म्हणतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही." दोघी एकाच गल्लीत राहतात, दोघींची मुलं एकाच बाकावर बसतात. दोघीही खरं बोलताहेत, मला दोघींची घरं माहीत आहेत. त्या पोराला पोट धरून ओट्यावर बसलेलं मी पाहिलंय, आणि दुसऱ्याला पहाटे स्वतःची चप्पल पुसतानाही पाहिलंय.

मी स्वतः सरांना नीट पाहिलं ते एकदाच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर लेकीचा विसरलेला डबा आणायला गेले होते. पाण्याच्या टाकीपाशी सर उकिडवे बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, दातांत धरलेली चिंधी. नळाचा वायसर गेला होता, पाणी थेंब थेंब गळत होतं. सरांनी नळाला चिंधी गुंडाळली, सुतळीनं आवळली, दोन बोटांनी खालून चाचपून पाहिलं, मग पुन्हा सोडून पुन्हा आवळली. तीन वेळा. मी मागं उभी आहे हे त्यांना कळलं नाही. हे मी घरी सांगितलं, तर यांचं म्हणणं, "माणूस कामाचा आहे." तेच मी फाटकाशी सांगितलं, तर एक आई म्हणाली, "मुख्याध्यापकानं नळ बांधत बसायचं का? त्यापेक्षा चौथीला गणित घेतलं असतं तर?" मला दोघांचंही पटलं. तीच चिंधी, तोच नळ.

म्हणीकडं परत येते. आपल्याकडं 'पाच' हा आकडा मोजण्यासाठी नसावाच. ओटीत पाच फळं, हळदीला पाच सवाष्णी, वादाला पाच माणसं. पाच म्हणजे पुरेसं, भरलेलं. पंच हा शब्द तिथूनच आला. आता पोलिसांच्या पंचनाम्याला कायद्यानं दोन पंच असले तरी चालतात, तरी नावात पाच राहिलेच. म्हणजे माणसं कमी झाली तरी परमेश्वर तेवढाच धरायचा, असं काहीतरी आपण मनाशी ठरवलेलं दिसतं. आणि दुसरीकडं 'चार लोक काय म्हणतील' आहेच. या चारांना आपण घाबरतो आणि पाचांना हात जोडतो. मधल्या त्या एका माणसानं असा काय फरक पडतो, हे मी परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फार वेळ शोधत होते. तो पाचवा कोण? तो चौघांसारखंच बोलला म्हणून देव होतो, की तो वेगळं बोलतो आणि चौघं त्याचं ऐकतात म्हणून?

आणखी एक टोचतं. ही म्हण झाली तेव्हा त्या पाच मुखांत बाईचं मुख नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असाव्यात असं ठरवलं. मुख्याध्यापक त्या समितीचा सचिव. म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तोच इतिवृत्त लिहितो. मी समितीच्या दोन सभांना गेले आहे. बायका सतरंजीच्या एका कडेला बसतात, सही कुठं करायची ते विचारतात, चहा होतो. मग फाटकाबाहेर आल्यावर खरं बोलणं सुरू होतं. कायद्यानं मुख दिलं, ते उघडतं मात्र बाहेर. यात मी कुणाला दोष देत नाही, मीही आत गप्पच होते.

वाबळेवाडीचं नाव या दिवसांत फार निघतं. शिरूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दत्तात्रय वारे गुरुजी मुख्याध्यापक असताना तिचं नाव देशभर झालं, प्रवेशाला प्रतीक्षायादी लागली. मग तक्रारी झाल्या आणि २०२१ मध्ये गुरुजी निलंबित झाले. गावातली माणसं त्यांच्या बाजूनंही उभी राहिली. पुढं ते खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले. तिथं शाळेचा पट तीनवर आलेला, म्हणजे शाळा बंद पडायच्या बेतात. तो पट शंभराच्या पुढं गेला आणि २०२५ मध्ये त्या शाळेनं लोकांच्या मतांवर दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळवला. 'ठेवा'वाल्यांनी मला हे उदाहरण दिलं, बघा, लोक कसे चुकतात म्हणून. मी ऐकून घेतलं, पण घरी येताना वाटलं, पुरस्कारही लोकांच्या मतांवरच मिळाला ना? तिथं पाचामुखी परमेश्वर आणि तक्रारीच्या वेळी नव्हता, असं कसं म्हणायचं? आणि पुरस्कार मिळाला नसता तर ते गुरुजी कमी चांगले ठरले असते का? शिवाय आमचे सर काही वारे गुरुजी नाहीत. ते साधे आहेत, कुठंही नाव नसलेले.

पटाचं एक आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुलं असतील तरच कायद्यानं मुख्याध्यापकाचं वेगळं पद. त्याखाली सगळ्यांत जुन्या शिक्षकाकडं पदभार येतो, तो वर्गही घेतो, खिचडीचा हिशेबही लिहितो, ऑनलाइन माहितीही भरतो. म्हणजे नाराज पालकांनी दाखले काढायला सुरुवात केली तर आधी पद जातं, मग माणूस. आणि जे दाखले काढू शकत नाहीत, ज्यांना फॅक्टरीकडच्या इंग्रजी शाळेची फी झेपत नाही, त्यांचं काय मत आहे ते कोणत्याच कागदावर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईला मी विचारलं. ती म्हणाली, "शाळा उघडी असती ना, बास." हे एक मुख मी कुठं मोजू?

खरं म्हणजे या सगळ्यातून माझं मन सारखं माहेरी जातंय, पाटाच्या पाण्यापाशी.

आमचं माहेरचं रान प्रवरेच्या उजव्या कालव्यावरचं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी पाणी दोन कालव्यांत वाटलं जातं, डाव्या आणि उजव्या. तिथून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या. आमचं रान चारीच्या पार टेलला. हेडच्या लोकांना आवर्तन म्हणजे पाणी, आमच्याकडं आवर्तन म्हणजे बातमी. शेजपाळीचा कागद यायचा, सात नंबरचा अर्ज भरलेला असायचा, त्यावर माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या नावासमोर तारीख आणि तासही असायचे. पाणी मात्र त्या तासाला यायचं नाही. वरचे लोक रात्री दारं उघडायचे.

आमच्या चारीचं पाणी वाटणारा पाटकरी म्हणजे सायकलला खोरं बांधून फिरणारा, उंच, गप्प माणूस. हेडला त्याला देवमाणूस म्हणत. आमच्याकडं म्हणत, विकला गेलाय. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला वाटायचं हे दोन वेगळे पाटकरी आहेत.

एका थंडीत गहू पोटरीला आला होता आणि दोन पाळ्या चुकल्या होत्या. आण्णा रात्री दारं धरायला निघाले, मी हट्टानं बरोबर गेले. बॅटरी माझ्या हातात. पोटचारी कोरडी, तळाला पापुद्रे सुटलेले. आण्णा खोऱ्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. किती वेळ ते आठवत नाही. पाय गार पडले होते, एवढं आठवतं. मग आवाज आला. पाण्याचा आवाज नव्हता तो, वाळका पाला सरकल्यासारखा. बॅटरी मारली तर चारीतून फेसाची एक जीभ पुढं येत होती, काड्या, पानं ढकलत, आणि तिच्या पुढं भेगांतले किडे टणाटण उड्या मारत वर येत होते. आण्णांनी चप्पल काढली. मी पाहिलं, ते पाण्यात शिरण्याआधी वाकून पाण्याला हात लावून तो कपाळाला नेत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडची एक मैत्रीण माझ्याशी बोलली नाही. त्यांचा गहू निम्माच भिजला होता, मध्येच पाणी तुटलं. तिनं पाटी दोघींच्या मध्ये उभी लावली. आठवडाभर ती पाटी तशीच होती. मोठेपणी मी या रात्रीची गोष्ट अशी बांधून ठेवली: त्या पाटकऱ्यानं एकदा, एकाच रात्री, स्वतः सायकलवर जाऊन हेडची दारं बंद केली, शिव्या खाल्ल्या, आणि टेलला पाणी पोचवलं. तो न्यायाचा माणूस होता आणि हेडच्यांनी त्या दिवसापासून त्याला देवमाणूस म्हणणं सोडलं. माणूस ओळखायचा तर अशा रात्रीवरून, हे मी लेकीलाही सांगितलं आहे.

आता वाटतं, मी सरांकडंही त्याच बॅटरीनं बघते आहे. आमची लेक सावकाश शिकणारी, वर्गाच्या टेलची म्हणा. सर तिला नावानं हाक मारतात, एवढ्यावरून मला ते बरे वाटतात. ज्यांची मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायची आहेत त्यांना वाटतं, सर सावकाश मुलांतच अडकले, आमच्या मुलांचं पाणी तुटलं. त्यांचं काय चुकलं? त्यांनाही आपलं रान दिसतं. पण मग वाटतं, मुलं काही वाफे नव्हेत, आणि माया पाळीनं वाटायची वस्तू नाही. लगेच पुन्हा वाटतं, माया नसेल, पण वेळ? एका माणसाचे साडेदहा ते पाच एवढेच तास असतात, ते कुणाच्या तरी दारातून जातातच. त्या संध्याकाळचा अर्धा तास नळाला गेला.

काल रात्री आण्णांना फोन लावला. आता ते रानात जात नाहीत, ओट्यावर बसतात. मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग त्या पाटकऱ्याचा विषय काढला. म्हटलं, आण्णा, त्यानं त्या रात्री हेडची दारं बंद केली, तेव्हा तुम्ही त्याला नंतर काही म्हणालात का?

पलीकडं जरा वेळ शांतता होती. टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

"कोण, पाटकरी?" आण्णा म्हणाले. "अगं, तो त्या रात्री नव्हताच. त्याची आई वारली होती, तो चार दिवस गावाला गेला होता. म्हणून तर आपण राखणीला गेलो ना."

मी म्हटलं, मग दारं बंद कुणी केली?

"कुणास ठाऊक," आण्णा म्हणाले. "पाणी आलं, आपण घेतलं."