गरीचा हातगुण

हातगुण हा शब्द आपण एरवी माणसांसाठी राखून ठेवतो. अमुक वैद्याच्या हाताला गुण आहे, तमकीने लावलेलं माडाचं रोप कधी मरत नाही, एखाद्याच्या हातून भवानी झाली की दिवसभर पाटी रिकामी होईपर्यंत गिऱ्हाईक हटत नाही. पण गोव्यात ज्याला गरवायचा नाद आहे, त्याच्यापाशी हातगुण असलेली एखादी वस्तूही असते. कधी ती साधी लोखंडी गरी असते, कधी रंग उडालेला खोटा मासा. शेजारी बसलेल्याला तो तंगूस देईल, शिसं देईल, आपल्या डब्यातली सुंगटं देईल, वेळ पडली तर बसायची जागाही देईल. ती गरी मात्र मागू नये. मागितलीच, तर ‘घरी राहिली’ असं खिशावर हात ठेवून सांगेल.

माझ्या मामांपाशी अशी एक होती. मामा तिसवाडीतले. खाजनाच्या बांधाला लागून घर, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर मानस. त्यांच्या एका तारवटी चुलतभावाने सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरावरून एक लाकडी मासा आणून दिला. चार बोटं लांब, पाठ निळी, पोट रुपेरी, हनुवटीखाली प्लास्टिकची पारदर्शक जीभ आणि पोटाला व शेपटीला तीन-तीन अणकुच्यांच्या गऱ्या. मामा जिवंत सुंगटावर गरवणारे. लाकडाला मासा लागतो हे त्यांना थट्टेसारखं वाटलं, म्हणून तो बरेच दिवस चुलीवरच्या फळीवर पडून होता. एकदा सुंगटं संपली आणि ओहोटी ऐन रंगात होती, तेव्हा त्यांनी तो मानशीच्या तोंडाशी फेकला. त्या संध्याकाळी घरी आलेला चोणक (रायगडच्या बाजूला ज्याला जिताडा म्हणतात तो) पाटावर मावला नव्हता, असं आजी सांगायची.

त्यानंतर त्या माशाला घरात वेगळं खुंटीचं स्थान मिळालं. पुढे नात्यातल्या आणखी तारवटींनी त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, त्याच रंगाचे मासे आणून दिले. मामांनी ते सगळे वापरून पाहिले. पण यश यायचं ते पहिल्यालाच. सगळ्या वाड्याला हे ठाऊक होतं. सगळ्या वाड्यात या गोष्टीवर विश्वास नसलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमची मामी. ती मसाला वाटता वाटता म्हणायची, “बाकीचे खुंटीवरून उतरून पाण्यात जातील, तेव्हा ना त्यांना मासे लागणार!”

मामीचं हे वाक्य मला पुढे फार वर्षांनी नीट कळलं. तिने सगळं गणित एका ओळीत मांडलं होतं. समजा, एखाद्याकडे पाच गऱ्या आहेत आणि पाचही सारख्याच चांगल्या आहेत. पहिल्याच दिवशी योगायोगाने एकीला मोठा मासा लागला, की दुसऱ्या दिवशी तीच आधी बांधली जाते. शंभर फेकींपैकी सत्तर तिच्या वाट्याला, उरलेल्या तीस चौघींत. साहजिकच मासेही तिलाच जास्त. मासे जास्त म्हणून विश्वास जास्त, विश्वास जास्त म्हणून फेकी जास्त. शिवाय विश्वासाची गरी माणूस ऐन वेळेला बाहेर काढतो. अमावास्या-पुनवेची मोठी ओहोटी, मानशीतून धावत येणारं पाणी आणि त्याबरोबर वाहून येणारी चिंगळं टिपायला तोंडाशी दबा धरून बसलेला चोणक, असा योग असताना कुणी नव्या गरीची परीक्षा घेत बसत नाही. परीक्षा घ्यायची ती मासे नसतात तेव्हा. मग नवी गरी नापास होते, आणि जुनीची कीर्ती वाढते.

तरीही मामीचा हिशेब पुरा नव्हता. जुनी गरी नव्यासारखी राहत नाही, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. मामांनी त्या माशाच्या गंजलेल्या गऱ्या काढून जाड्या बसवल्या होत्या. त्यामुळे तो जरा खोल आणि जरा सावकाश पोहायचा. खडकावर आपटून त्याची जीभ किंचित वाकली होती, त्यामुळे तो सरळ न येता एका अंगाला लचकत यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामांच्या मनगटाला त्याची सवय झाली होती. केव्हा ओढायचं, केव्हा सैल सोडायचं, केव्हा क्षणभर मेल्यासारखं थांबवायचं, हे त्यांना विचार न करता जमायचं. खुंटीवरच्या इतर माशांशी त्यांची इतकी ओळखच झाली नाही.

या लचकण्यातच सारं आहे, हे फिनलंडमधल्या एका मच्छीमाराने फार आधी ओळखलं होतं. लाउरी रापाला त्याचं नाव. सरोवरात मासेमारी करताना त्याच्या लक्षात आलं, की शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यावर झडप घालतो तेव्हा त्यातला जो जरा अडखळत, लटपटत पोहतो त्यालाच हेरतो. १९३६ साली त्याने सुरीने बुचाचं लाकूड कोरून एक मासा केला. त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वरून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तो मासा पाण्यात आजारी माशासारखा डुलू लागला. १९६२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याच्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचं छायाचित्र होतं, त्यामुळे अंक घराघरात गेला आणि रापालाकडे मागण्यांचा पूर लोटला. म्हणजे जगातल्या सगळ्यात यशस्वी खोट्या माशाच्या यशातही अर्धा वाटा लाकडाचा आणि अर्धा नशिबाचा!

नशीब नेमकं कुठे आठवतं, हेही पाहण्यासारखं आहे. आमच्या गावात मानशीच्या मासळीचा लिलाव व्हायचा. ज्याला मानस मिळायची तो ओहोटीला दाराशी जाळं लावायचा. पाणी किती येणार, कुठल्या तिथीला येणार, साधारण काय मिळणार, हे सगळं ठरलेलं. त्या माणसाच्या तोंडी कधी हातगुणाची भाषा मी ऐकली नाही. तो बोलायचा ते बोलीच्या पैशांचं. आणि त्याच मानशीपासून वीस पावलांवर एक दोर घेऊन बसलेले मामा मात्र खुंटीवरून मासा काढताना कुणाशी बोलत नसत. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर हेच पाहिलं होतं. तिथले लोक आतल्या शांत खाजणात मासे धरायला जात तेव्हा मंत्रतंत्र काही नसे, कारण तिथे मासा हमखास मिळे. खुल्या समुद्रात जायचं झालं, की मात्र प्रत्येक पायरीला मंत्र. जिथे माणसाचं ज्ञान संपतं आणि तरीही काम करावंच लागतं, तिथे तो काहीतरी मुठीत घट्ट धरतो. मामांच्या मुठीत लाकडाचा मासा होता.

इथपर्यंतचं सगळं मला गोव्यातच कळलं असतं. त्याच्या पुढचं कळलं ते निसरपुरला.

निसरपुर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं, कुक्षी तालुक्यातलं गाव. धार म्हणजे पवारांचं जुनं मराठी संस्थान. आम्ही निघालो होतो मांडू आणि बाघची लेणी पाहायला. बाघ लेण्यांतली दीड हजार वर्षांची चित्रं पाहून झाल्यावर, तिथली बाघनी नदी पुढे जिथे नर्मदेला भेटते तो भाग पाहावा, एवढ्याच हेतूने खाली उतरलो. नर्मदा दिसली, पण नदी म्हणून नव्हे. समोर समुद्राच्या खाडीसारखं पसरलेलं, न हलणारं पाणी होतं. २०१९च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदाच १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीपर्यंत भरलं, आणि त्या फुगवट्यात जुनं निसरपुर, त्याचा बाजार, घरं, देवळं, सगळं पाण्याखाली गेलं. माणसं वरच्या बाजूला वसवलेल्या नव्या वसाहतीत राहायला गेली.

तिथे एका केवट आजोबांशी बोलणं झालं. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी समुद्राचे मासे कसे धरतात ते विचारलं, मी मामांच्या लाकडी माशाची गोष्ट सांगितली. त्यांना ती अजिबात नवलाची वाटली नाही. ते आत जाऊन तंबाखूची एक पत्र्याची डबी घेऊन आले. डबीत कापसावर एक लोखंडी काटा होता. लोहाराकडून घडवून घेतलेला, बोटाएवढा जाड. हा बाडसचा काटा, ते म्हणाले. बाडस म्हणजे महसीर. नर्मदेतली ही मोठी खवल्यांची, जबरदस्त ताकदीची मासळी २०११ साली मध्य प्रदेशाने आपला राज्यमासा म्हणून जाहीर केली. आजोबांकडे काटे पुष्कळ होते, पण बाडस लागायची ती याच काट्याला. नदीच्या एका वळणावर खडकांतून पाणी उसळून खाली डोहात पडायचं. त्या फेसाच्या कडेला पिठाची गोळी लावून हा काटा सोडायचा. पाण्याच्या आवाजावरून कळायचं, आज बाडस वर आली आहे की नाही.

आता? मी विचारलं. त्यांनी समोरच्या पाण्याकडे हात केला. ते वळण, ते खडक, तो डोह कित्येक पुरुष खोल गेलेले. आता सगळी मासेमारी जाळ्याची. मिळते ती मासळीही तळ्यातली. आणि या पाण्याला आवाजच नाही, असं ते म्हणाले.

महसीर हा वाहत्या पाण्याचा मासा. प्राणवायूने भरलेलं खळाळतं पाणी, तळाशी गोटे आणि वाळू, आणि अंडी घालायला नदीतून वर जाण्याची मोकळी वाट, एवढं त्याला लागतं. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी एकामागून एक धरणं झाली, आणि नर्मदेचे मोठाले टप्पे तळ्यांची माळ होऊन बसले. वाळूउपसा आणि बेसुमार मासेमारी यांनी उरलेलं काम केलं. तेव्हा काट्याचा हातगुण कुठे गेला, हे शोधायला फार लांब जायला नको. काटा डबीत तसाच होता, धारही तशीच होती. हात तोच होता. गेलं होतं ते पाणी.

मला वाटतं, हातगुण म्हणतात तो हाच. तो एकट्या गरीत नसतो, एकट्या माणसातही नसतो. एक माणूस, एक गरी आणि पाण्याचा एक तुकडा यांची वर्षानुवर्षांची ओळख म्हणजे हातगुण. त्यातलं एक काढून घेतलं, तर बाकीची दोन नुसत्या वस्तू होतात. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला, तेव्हा जमीन जाणाऱ्याला जमीन, घर जाणाऱ्याला प्लॉट, असं लिहून ठेवलं. त्यासाठीही लोकांना पुढची चार दशकं भांडावं लागलं, ती गोष्ट वेगळी. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, ज्याची सगळी मिळकत म्हणजे एका वळणावरच्या पाण्याचा आवाज ओळखणारा कान, त्याचं किती हेक्टर धरायचं? विस्थापित मच्छीमारांच्या सहकारी संस्था जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मागत आल्या आहेत. तो हक्क मिळायलाच हवा. पण जलाशय मिळाला म्हणून नदी परत मिळत नाही, हे तो मागणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गोमंतकीय वाचकाला हे परकं वाटू नये. मोगूबाईंचं कुर्डी आठवा. साळावलीच्या धरणात ऐंशीच्या दशकात ते बुडालं, माणसं वाडे आणि वाळकिणीला गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरलं, की ती परत जातात, सोमेश्वराच्या देवळात जमतात, आपल्या घराचा चौथरा पोरांना दाखवतात. देऊळ दाखवता येतं, चौथरा दाखवता येतो. नदीच्या कुठल्या कोंडीत कुठला मासा असायचा, हे मात्र कुणाला बोट करून दाखवता येत नाही. ते सांगणारा गेला, की संपलं.

मामांच्या मानशीचं दार हल्ली कुणी वेळेवर उघडत नाही. बांधाला भगदाड पडलं, खाजनात खारं पाणी शिरलं, कांदळ माजली. शेती नाही म्हणून बांधाची देखरेख नाही, देखरेख नाही म्हणून शेती नाही. इथे कुठलं धरण आलं नाही, कुणी नोटीस बजावली नाही. पाणी आपणच बदलू दिलं. मामेभावाने तो निळा मासा काचेच्या कपाटात ठेवला आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा तो चोणकाची गोष्ट सांगतो, आणि पाटावर न मावलेला मासा दर वर्षी वीतभर वाढतो. परवा त्याच्या मुलीने विचारलं, हा आपण पाण्यात सोडून बघूया का? मामेभाऊ माझ्याकडे पाहायला लागला. मी तिला म्हटलं, बघूया, पण आधी तुझ्या बाबांना सांग, मानशीचं दार दुरुस्त करा म्हणून.