रुखवतातली गिटार

कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी
१४ डिसेंबर

चि. भाचेबुवांस,


तू पाठवलेलं गिटारीचं चित्र मोबाइलवर पाहिलं. तिथल्या तिथे अंगठा दाखवून मोकळा झालो असतो, पण खाली तू ‘मामा, खरं खरं सांग’ असं लिहिलंस. खरं सांगायला मला कागद लागतो. दुकानात आज काम नाही, ऊसतोडीच्या दिवसांत दरवाजे-खिडक्या करायला कुणी येत नाही, तेव्हा निवांत लिहितो.

तर खरं असं की, हे चित्र पाहून मला तुझ्या आईच्या लग्नातलं रुखवत आठवलं. मानेवर नाव, डोक्यावर राजमुद्रा, छिद्राभोवती पैठणीचा बांगडी-मोर आणि पोटावर कमळ. एकेक गोष्ट सुंदर आहे. पण रुखवत मांडायचं असतं, गिटार वाजवायची असते. एवढे पैसे मोजून मापाबरहुकूम करून घेतोयस, तर पाहणाऱ्याआधी वाजवणाऱ्याचा विचार कर.

मी हे शहाणपणाने बोलत नाही, स्वतः चुकलोय म्हणून बोलतोय. वीसेक वर्षांपूर्वी भजनी मंडळाची वीणा माझ्याकडे आली होती. तबलीला, म्हणजे तारांखालच्या फळीला, बारीकशी चीर होती, तेवढी भरून द्यायची. मला चढला उत्साह. चीर झाकायला म्हणून पटाशीने तबलीत जागा कोरली आणि पांढऱ्या प्लास्टिकचं आठ पाकळ्यांचं कमळ बसवलं. दिसायला असं झालं की माळकरी हात लावून बघायचे. एकादशीला वीणेकऱ्याने तार छेडली आणि दोन्ही डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाला. त्याने फक्त विचारलं, “सुतारबुवा, हिचा घसा बसला का हो?” पुढच्या एकादशीला मंडळाने शेजारच्या गावातून दुसरी वीणा मागून आणली. मला कुणी शब्दाने दुखावलं नाही, हेच जास्त लागलं.

नंतर एका लग्नासाठी सांगलीकडे गेलो, तेव्हा मुद्दाम मिरजेत उतरलो आणि सतारमेकरांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराजवळ दुपारभर बसलो. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोरे करायला घेतले, ते आजतागायत चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागिराने माझं कमळ ऐकून घेतलं, हसला नाही. एक तंबोरा मांडीवर घेऊन त्याने तबलीवर बोटाने टिचक्या मारल्या, आधी काठाला, मग मध्ये. काठाला ‘टक’, मध्ये ‘धुंम’. म्हणाला, जिथे टक वाजतं तिथे काय हौस करायची ती करा. भोपळ्याला चिकटलेला काठ हलतच नाही, त्याला पट्टी लावा, दांडीवर वेल काढा, भोपळा आणि दांडी जुळते तिथे पानं कोरा. जिथे धुंम आहे तिथे हात लावायचा नाही.

तुझ्या गिटारीची तबली म्हणजे स्प्रूसची जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची फळी. तीच तर बोलते. तिच्यात दीड मिलिमीटर खोल कमळ म्हणजे निम्मी फळी खाल्ली. तेव्हा कमळ पहिलं रद्द. मोर छिद्राभोवती आहे, तिथे पूर्वापार नक्षी असतेच, आतून लाकूड दुहेरी केलेलं असतं, त्याने आवाज बसणार नाही. पण बांगडी-मोर पैठणीच्या पदरावर ऐसपैस जागा घेतो. बोटभर रुंदीच्या गोलात कोंबलास तर कोंबडी दिसेल. राजमुद्रेबद्दल एवढंच म्हणतो, ती आपली नाही.

आता नाव. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९३३ साली पहिली डी-४५ केली ती जीन ऑट्री नावाच्या गाणाऱ्या काउबॉयसाठी, आणि तिच्या मानेवर शिंपल्यात त्याचं नाव घातलं. त्याचं बरोबर होतं. स्टेजवर उभा राहिला की नावावर तिकिटं खपायची. तू तुझ्या खोलीत बसून वाजवणार, तुला तुझं नाव ठाऊक आहे.

पण तेही सोड, सुतारकीचा हिशेब सांगतो. चित्रात लिहिलेल्या मापाने (तार ६४५ मिलिमीटर) तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटमधली जागा ३० मिलिमीटर येते, चौदाव्या आणि पंधराव्यामधली १६. म्हणजे नावातलं पहिलं अक्षर लठ्ठ आणि शेवटचं त्याच्या निम्मं. आणि आपली लिपी इंग्रजीसारखी सुटी नाही. शिरोरेषा प्रत्येक फ्रेटच्या खाचेत तुटणार, तुझ्या नावातला रफार नेमका सातव्या फ्रेटखाली चिरडणार. दहा-पंधरा वर्षांनी फ्रेट झिजले, ते उपटून नवे घालायची वेळ आली, की खाचेच्या कडेचा शिंपला कपचे टाकतो. तेव्हा नावाची काय दशा होईल?

शिवाय फिंगरबोर्ड सपाट नसतो, त्याला पाठ असते. तुझ्या कारागिराने १६ इंचांची गोलाई लिहिली आहे. पन्नास मिलिमीटर रुंदीत या गोलाईचा मध्य काठापेक्षा पाऊण मिलिमीटर वर राहतो. शिंपल्याचा तुकडा मात्र सपाट, जाडी सव्वा-दीड मिलिमीटर. काठापासून काठापर्यंत नक्षी भरलीस तर घासून गोलाई देताना काठाचा शिंपला निम्मा उडणार, मध्ये जाड आणि कडेला पापुद्रा. समर्थ रामदासांचं जांब इथून हाकेवर. समर्थांनी दासबोधात अक्षर कसं काढावं यावर एक अख्खा समास खर्चला आहे. त्यात ते सांगतात की कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, मजकूर मध्येच ठसठशीत लिहावा, म्हणजे कागदाचे काठ झडले तरी अक्षर जात नाही. तेव्हा हौस तबलीवर काठाला, मानेवर मध्याला. एवढं त्या गिटारवाल्याला सांग, तो तुला माझ्यापेक्षा जास्त मान देईल.

मला विचारशील तर मानेवर ज्वारीचे दाणे बसव.

हसू नकोस. जवारी लागल्याशिवाय तंबोरा बोलत नाही आणि ज्वारी पोटात गेल्याशिवाय आपण, हा विनोद मी मिरजेतच करून आलोय, म्हातारा खुदकन हसला होता. खऱ्या दाण्याएवढा, चारेक मिलिमीटरचा शिंपल्याचा तुकडा, गोल पण एका बाजूला किंचित चोच असलेला. पाचव्या, सातव्या, नवव्या आणि पंधराव्या फ्रेटच्या जागेत मधोमध एकेक. बाराव्याला दोन, कारण तिथे तार बरोबर अर्धी होते आणि तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. दाणे सगळे एकाच दिशेला तोंड करून नकोत, पेरताना पडतात तसे पडू देत. बाकी फिंगरबोर्डचा आबनूस काळाच राहू दे. बिदरीचं सुरईपात्र पाहिलंयस ना? जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती लावून भांडं काळं करतात. चांदी मातीला दाद देत नाही, पांढरी राहते. बारीकशी चांदी उठून दिसते ती भोवती काळं भरपूर असतं म्हणून.

बारीक तुकड्यांचा आणखी एक फायदा. लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, शिंपला जागचा हलत नाही. आमच्याकडचा मे महिना आणि तुमच्या पुण्याचा जुलै या दोन्ही टोकांत मोठा तुकडा कधीतरी सुटतो किंवा लाकडाला तडा देतो. दाण्याएवढ्याला काही होत नाही. दाणा सोनाराकडच्या, केसासारख्या बारीक करवतीने कापायचा, जागा त्याच्या कडेने रेघ मारूनच कोरायची, इपॉक्सीत आबनुसाचा भुसा कालवून फट भरायची. तू कारखान्यात बघायला जाशील तेव्हा नाकाला फडकं बांध. शिंपल्याची धूळ छातीत बसते. हस्तिदंताचा विचार मनातही आणू नकोस, जुन्या तंबोऱ्यांवर असायचा म्हणून कुणी गळ्यात मारेल. त्याच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे.

एक वस्तू मात्र मी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. तुझ्या आजोबांच्या तिफणीचं चाडं आठवतं? शिसवाचं, मुठीने बी सोडायचं ते. त्याच्या काठाची अंगठ्याएवढी कपची माझ्या पेटीत कितीतरी वर्षं आहे. चाडं बैलाच्या पायाखाली आलं तेव्हा उडालेली. आजोबांचा हात घासून घासून तिची एक बाजू आरशासारखी झालीय. गंमत बघ, ब्राझीलचा शिसव मिळेनासा झाल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिनवाले आपल्या दक्षिणेतल्या शिसवाकडे वळले, आज जगभरच्या कितीतरी गिटारींची पाठ त्याच लाकडाची. त्यामुळे कपचीला परकं वाटणार नाही. ती काळ्या फिंगरबोर्डवर दिसणारच नाही. तिला मान जिथे पोटाला भेटते, तिथे मागच्या टाचेवरची टोपी करून बसवायला सांग. समोरून कुणाला कळणार नाही. गिटार खुंटीवरून उतरवताना तुझा तळहात तेवढा तिला लागेल. गुळगुळीत बाजू बाहेर ठेव, आणि तिला पॉलिश लावायचं नाही, हे चिठ्ठीवर लिहून दे.

कपची पोस्टाने पाठवणार नाही. संक्रांतीच्या आसपास हुरड्याला ये, तेव्हाच घेऊन जा. येताना गिटारवाल्याकडून टाचेचं माप कागदावर कापून आण, मी इथेच अंदाजे घडवून देतो. दाण्याचा आकारही शेतात उभा राहून काढ, मोबाइलवर शोधू नकोस. आणि आईला आधी विचार. उरलेलं चाडं तिने दिवाणखान्यात मांडायला मागितलं आहे, कपचीही तिला हवी असेल तर तुम्ही दोघं आधी भांडून या.

तुझा,
मामा

ता.क. ती वीणा अजून माझ्याकडेच आहे. नवी तबली घातली, बिनकमळाची. मंडळाने अजून नेलेली नाही.