नाव कुलाबा, गाव अलिबाग

बायांनो, नावावर जाऊ नये हे अलिबागेत पटतं. कुलाबा किल्ला इथल्या समुद्रात. मुंबईच्या कुलाब्यात शोधाल तर दिवस फुकट! जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच. मग तो रायगड झाला. पण रायगड किल्ला राहिला तिकडे महाड तालुक्यात, कचेऱ्या मात्र अलिबागेतच!

रूपावरही जाऊ नये. हॉटेलातलं चौकोनी ताट मोठं ऐटदार, पण माशाचं कालवण कोपऱ्यात दडून बसतं, बोटं काही पोचत नाहीत. भात कालवायला आपलं काठाचं गोल ताटच बरं.

किल्लाही किनाऱ्यावरून अगदी पुढ्यात वाढल्यासारखा दिसतो. ओहोटीला चालत जाता येतं. भरतीला तीच वाट पाण्याखाली! मुलांना घेऊन निघताना जाण्याची नव्हे, परतण्याची वेळ आधी विचारा.