हात की पट्टा?

"देऊन टाकू गं आता हे मशीन भंगारात," गेल्या श्रावणात एका संध्याकाळी हे म्हणाले आणि चहाचा कप उचलायला गेले. कप बशीवर थडथडला. मी काहीच बोलले नाही. कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

आमच्या ओटीवर नावं कोरायचं हातमशीन आहे. गणेशपुरीत दर्शनाला येणाऱ्यांचा राबता असतो. कुणाला देणगीची पितळी पाटी हवी असते, कुणाला दारावरची, कुणाला आईवडिलांच्या स्मरणार्थ. आमच्या शाळेच्या ढाली-करंडकांवरची कितीतरी नावं यांनीच कोरली आहेत. मुलगा म्हणतो, आता लेझरने दोन मिनिटांत होतं. होत असेल बाबा!

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला अक्षरांचे पितळी साचे रांगेत बसवायचे आणि त्यांच्या खाचेतून टोचा फिरवायचा. दुसऱ्या बाजूला गरगर फिरणारा कटर तेच अक्षर लहान करून पाटीवर उतरवतो. मधे असतो चार दांड्यांचा समांतरभुज चौकोन. ही युक्ती क्रिस्टोफ शायनर या जर्मन पाद्र्याने १६०३ साली काढली. कटर फिरवायला मोटर, आणि मोटरचा जोर कटरपर्यंत पोचवायला रबरी गोल पट्टे.

तर झालं असं, की लागोपाठ तीन पाट्या परत आल्या. अक्षरं कशीबशी चालली असती, पण शिरोरेषेवर बारीक लाटा! मधेच खोल, मधेच उथळ, कडेला पितळेची कूस. इंग्रजी अक्षरात असलं काही लपून जातं, आपली शिरोरेषा मात्र चाडी सांगते. यांनी मुकाट्याने पैसे परत केले आणि मशीनवर जुनी चादर टाकली.

रात्री मला झोप येईना. आयुष्यभर मराठी शिकवलं तरी शिक्षक कमी पडले की भूमितीचे तासही घेतले होते. डोक्यात आलं, साच्यापेक्षा अक्षर निम्मं उतरत असेल तर हाताची थरथरसुद्धा निम्मीच उतरणार ना? आणि टोचा तर खाचेत बसलेला. मग एवढ्या लाटा आल्या कुठून?

सकाळी हे देवळात गेल्यावर मी चादर काढली, पितळेचा एक तुकडा लावला आणि स्वतः एक आडवी रेघ ओढली. माझा हात अजून बरा आहे. तरी माझ्या रेघेलाही तशाच लाटा!

हे आल्यावर त्यांना ती रेघ दाखवली. बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "प्लग काढ आधी."

स्पिंडल हाताने फिरवून पाहिलं. अलगद फिरलं, खरखर नाही, म्हणजे बेअरिंगचा दोष नव्हता. मग यांनी मोटरची पुली घट्ट धरली आणि मला स्पिंडल फिरवायला सांगितलं. ते फिरलं, पट्टा जागच्या जागी घसरला. पुलीखाली काळी भुकटी साचली होती. पट्टा काढून वाकवला तर आतून बारीक चिरा, आणि वरून काचेसारखा गुळगुळीत. कटर पितळेत रुतला की ओझं वाढतं, पट्टा घसरतो, वेग पडतो, आणि रेघ उथळ होते. फुगवटा आलेला पट्टा प्रत्येक फेरीला हिसका देतो तो वेगळाच.

भिवंडीत यंत्रमागांमुळे पट्ट्यांना तोटा नाही. एसटीने जाऊन जुन्या पट्ट्याच्या मापाचा नवा आणला. तो ढिला झाला! जुना ताणून लांबलेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग चिडून आखूड आणला, तर अर्ध्या तासात बेअरिंग हात लावू नये इतकं तापलं. तिसऱ्या वेळी पुल्यांभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं आणि त्याहून किंचित आखूड पट्टा घेतला. बोटाने मधोमध दाबला की जरासा लवेल, एवढाच ताण. बसवण्याआधी पुल्यांवरचं तेल कोरड्या फडक्याने पुसलं आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना, तेही दोरा धरून पाहिलं.

पट्टा बदलला म्हणून यांचा हात थांबलेला नाही. कप अजूनही वाजतो, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पण मनाला एक गोष्ट लागून राहिली. पाट्या परत आल्या तेव्हा मशीन तपासावं असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. सत्तरी ओलांडली की काही बिघडलं तर दोष आपलाच, हे आपण किती सहज धरून चालतो! तिशीत असते तर यांनी आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला असता.

असो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा पडले होते. ओटीवरून मशीनचा आवाज आला, एकसारखा. परत आलेल्या तीन पाट्या हे नव्याने कोरायला बसले होते. तेवढ्यात हाक आली, "अगं, 'ढ'चा साचा कुठे ठेवलास?"